जिभेची आंघोळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



आरोग्याविषयी काही तरी बोला, असे कार्यकारिणीने मला सांगितले आणि मी विषय कळविला, तेव्हा आमच्या चिटणीसबाई हसल्या. जीभ घासणे हा काय भाषणाचा विषय झाला? तुमच्याही मनात तेच आले असेल. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. डॉक्टर नाही की वैद्य नाही. पण घरात म्हाताऱ्या माणसांची सेवा केली, मुले वाढविली, आणि या भाषणासाठी वाचनालयातून पुस्तके आणून वाचली. एका दंतवैद्यबाईंकडे जाऊन पुष्कळ प्रश्न विचारले. त्यातून जे समजले ते आपल्या घरगुती भाषेत सांगणार आहे.

आपण बायका सकाळपासून काय काय घासतो याची यादी करून पाहा. तवा, कढई, दुधाचे पातेले, चिंच लावून देवाची उपकरणी, ओटा, मोरी. पातेल्याच्या बुडाशी साय चिकटून राहिली तर आपल्याला चैन पडत नाही. मुलांच्या माना, कोपरे, टाचा घासून आपण त्यांना न्हाऊ घालतो. दातही घासतो. पण जी जीभ दिवसभर बोलते, चाखते, देवाचे नाव घेते, तिची आंघोळ बहुतेक घरांत राहूनच जाते. दोन बोटे जिभेवर फिरवून मोठ्याने खाकरले की झाले! काही घरांतील पुरुषमंडळी तर अशी खाकरतात की साऱ्या आळीला गजर लावण्याची गरज नाही. पण आवाजाने जीभ स्वच्छ होत नाही, बरे का!

आता जिभेवर साचते तरी काय, ते पाहू. आपला पाटा असतो ना, त्याला टाकी लावून घेतली म्हणजे त्यावर बारीक बारीक खाचा पडतात. चटणी वाटून पाटा वरवर पुसला तर तो स्वच्छ दिसतो, पण खाचांत चटणी तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी तिला वास येतो. जिभेचेही अगदी तसेच आहे. जीभ गुळगुळीत दिसते, पण तिच्यावर बारीक अंकुरांची दाट लव असते. तिच्या फटींत अन्नाचे कण, तोंडातील सालपटासारख्या झडलेल्या मृत पेशी आणि असंख्य सूक्ष्म जंतू बसतात. त्या सर्वांचा मिळून जो पांढरा-पिवळा थर होतो, त्यालाच आपण जिभेवर कीट बसले असे म्हणतो. जीभ घशाकडे जिथे रुंद होते, तिथे तो सर्वांत दाट असतो, कारण पुढचा भाग दात, टाळू आणि घास यांच्याशी सारखा घासला जातो, मागचा तितका घासला जात नाही.

हे जंतू अन्नातील आणि मृत पेशींतील प्रथिने कुजवितात. त्यातून गंधकाचे वायू सुटतात. नासलेल्या अंड्याला जो वास येतो, त्याच जातीचा हा वास. तोंडाच्या दुर्गंधीचे मूळ बहुतेक वेळा पोटात नसून तोंडातच असते आणि त्यात जिभेच्या मागच्या भागाचा वाटा मोठा असतो, असे दंतवैद्य सांगतात. "पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास येतो," असे आपण सरसकट म्हणतो, ते म्हणूनच पुष्कळदा चुकीचे ठरते.

मग सकाळीच वास जास्त का? आपली इंद्रायणी डोळ्यांपुढे आणा. आषाढात ती दुथडी भरून वाहते, तेव्हा काडीकचरा कुठल्या कुठे जातो. वैशाखात पाणी आटले की डबक्यांत शेवाळ धरते आणि वास येऊ लागतो. तोंडातील लाळ ही तशीच नदी आहे. दिवसा ती वाहत असते, तोंड धूत असते. रात्री झोपेत ती फार कमी सुटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. उपवासाच्या दिवशीही असेच होते. चावणे नाही, पाणी कमी, म्हणजे लाळ कमी. चतुर्थीला किंवा नवरात्रात संध्याकाळी तोंडाला वास येतो तो यामुळे. आणि आपल्या लोणावळ्याच्या पावसात चार महिने ज्याचे त्याचे नाक चोंदलेले! नाक बंद, म्हणून तोंडाने श्वास. तोंडाने श्वास, म्हणून जीभ कोरडी. तेव्हा पावसाळ्यात जिभेकडे अधिक लक्ष हवे.

आता कोणी म्हणेल, हे टंग क्लीनर वगैरे शहरातील खूळ आहे. तसे मुळीच नाही. आपल्या चरकसंहितेत दिनचर्येच्या भागात जीभ खरवडण्याचे साधन सांगितले आहे. ते सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांचे असावे, त्याला धार नसावी आणि ते वाकविलेले असावे. कारणही दिले आहे: जिभेच्या मुळाशी जो मळ साचतो त्याने श्वासाला अडथळा होतो आणि दुर्गंधी येते. सुश्रुतसंहितेत सोन्यारुप्याबरोबर लाकडाचेही साधन सांगितले असून, ते मऊ, गुळगुळीत आणि दहा अंगुळे लांब असावे असे माप दिले आहे. म्हणजे ज्याला सोने परवडत नाही त्याची सोय शास्त्रकारांनी तेव्हाच करून ठेवली होती!

लाकडाची ही रीत आपल्याकडील जुन्या माणसांना ठाऊक आहे. बाभळीची, कडुनिंबाची नाही तर करंजाची कोवळी काडी दातवण म्हणून चावायची. दात घासून झाले की तीच काडी मधोमध चिरायची आणि तिची एक फाक वाकवून तिने जीभ ओढायची. दात आणि जीभ दोन्ही एका काडीत. पुढे राखुंडी आली, मग माकडछाप काळे दंतमंजन आले, मग ब्रश आणि पेस्ट आली. ब्रश आला हे चांगलेच झाले, दात अधिक चांगले निघू लागले. पण काडी गेली तिच्याबरोबर जीभ ओढायची सवयही घरातून निघून गेली. ती परत आणावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि हा विषय आपल्या गावाला तर मुळीच परका नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली आपल्या लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. जुन्या योगक्रिया नुसत्या श्रद्धेने न स्वीकारता उपकरणांनी तपासून पाहाव्यात, ही त्यांची दृष्टी होती. आपल्यापैकी कित्येकींनी तिथली जलनेती पाहिली असेल, काहींनी केलीही असेल. हठयोगाचा 'घेरण्डसंहिता' नावाचा ग्रंथ आहे. त्याची संशोधित आवृत्ती स्वामी दिगंबरजी आणि डॉ. घरोटे यांनी सिद्ध केली आणि कैवल्यधामने ती १९७८ साली प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात शरीरशुद्धीच्या क्रियांमध्ये दंतधौती आहे आणि तिच्यात दातांच्या मुळांबरोबर जिभेच्या मुळाची शुद्धीही सांगितली आहे. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी तीन बोटे जुळवून जिभेचे मूळ हळूहळू चोळावे, अशी ती रीत. पुढे लोणी लावून लोखंडी चिमट्याने जीभ ओढण्याचेही आहे, पण ते योग्यांसाठी. आपले चिमटे चुलीपाशीच बरे!

स्वामीजींच्या रीतीप्रमाणे आपणही तपासून पाहू. उद्या सकाळी दात घासण्यापूर्वी एक स्वच्छ चमचा पालथा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच पुढे ओढा. चमच्यावर काय आले ते पाहा. थोडे थांबा आणि वास घ्या. कोणी जवळ असण्याची गरज नाही. हा चमचा खरे बोलतो. आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही, कारण नाकाला त्याची सवय होऊन जाते. आणि दुसरे कोणी सांगत नाही.

हे न सांगणेच मला फार लागते. एका गावच्या भजनी मंडळातील गोष्ट माझ्या कानांवर आली. एका बाईंचा गळा गोड, पण तोंडाला वास येई. शेजारच्या बायका हळूहळू सरकून बसू लागल्या. कोणी पदर नाकाला लावी, कोणी तिच्या माघारी हसे. तिला कारण कळेना. आपल्यालाच या बायका टाळतात एवढे मात्र कळले, आणि तिने भजनाला येणे सोडले. दोन वर्षांनी तिच्या नणंदेने तिला आत बोलावून, दार लोटून, स्वच्छ शब्दांत सांगितले आणि दंतवैद्याकडे नेले. हिरड्या सुजल्या होत्या, दातांवर कीट चढले होते, जिभेवर थर होता. दात साफ करून घेतले, जीभ घासायची सवय लावली, आणि बाई पुन्हा भजनाला येऊ लागल्या. मैत्रिणींनो, जी गोष्ट चार शब्दांत सांगता येते, ती न सांगता आपण एखादीला दोन वर्षे घरात बसवितो. माघारी हसण्यापेक्षा एकांतात सांगणे हेच खरे शेजारधर्माचे लक्षण आहे. नव्या सुनेला तर कोण सांगणार? तिला सासूने आईच्या शब्दांत सांगावे, चारचौघांत नव्हे.

आता रीत सांगते. बाजारात तांब्याच्या, स्टीलच्या आणि प्लॅस्टिकच्या जीभ-घासण्या मिळतात. दोन्ही हातांत दोन टोके धरावयाची वाकडी पट्टी असते, तिने काम सोपे होते. तांबेच हवे असे नाही. स्वच्छ, गुळगुळीत आणि धार नसलेली हवी, हे महत्त्वाचे. सकाळी उपाशीपोटी आधी दात घासावेत. मग आरशासमोर उभे राहून जीभ बाहेर काढावी. घासणी जितकी मागे सहज जाईल तितकी न्यावी आणि हलक्या हाताने पुढे ओढावी. मागून पुढे, एकाच दिशेने. पुढून मागे कधी ढकलू नये. प्रत्येक वेळी घासणी पाण्याखाली धरावी. पाच-सहा वेळा ओढले की पुरे. मग भरपूर पाण्याने चूळ भरावी. एक मिनिटसुद्धा लागत नाही.

ओकारी येते म्हणून पुष्कळ बायका सोडून देतात. तर पहिले आठ दिवस जिभेच्या मध्यापासूनच सुरुवात करावी, श्वास सोडत ओढावी आणि रोज थोडे थोडे मागे जावे. सवय होते. ज्यांना दिवस गेले आहेत आणि सकाळी मळमळते, त्यांनी बळजबरी करू नये. दुपारी करावी, नाही तर नुसती चूळ भरावी. आपण कढईवर जोर करतो तसा जिभेवर करावयाचा नाही. रक्त आले किंवा आग झाली तर जोर जास्त झाला असे समजावे. जीभ गुलाबी दिसली की काम झाले. थोडासा पांढुरका थर राहिला तर तो असू द्यावा. घासणी ज्याची त्याची वेगळी ठेवावी, धुऊन कोरडी करावी, आणि ती खरखरीत झाली किंवा तिला चीर गेली तर टाकून द्यावी.

हिचा गुण किती, तेही खरे सांगितले पाहिजे. कॉक्रेन नावाची एक जगभरची मंडळी आहे. वैद्यकातील निरनिराळे प्रयोग गोळा करून ती कसोटीला लावते. त्यांनी २००६ साली या विषयावरील प्रयोग तपासले, तेव्हा नीट केलेले असे दोनच सापडले आणि दोन्हींत मिळून माणसे ४०. त्यांतून एवढे दिसले की, जिभेवर ब्रश फिरविण्यापेक्षा घासणीने दुर्गंधीचे वायू थोडे अधिक कमी होतात. पण तो गुण फार काळ टिकत नाही. म्हणूनच हे काम रोजचे. केर काढला म्हणून उद्या काढायचा राहत नाही, तसेच हे. आणि दाताला कीड असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर नुसती जीभ घासून काही होणार नाही. आपण चिक्कीच्या गावची माणसे. गूळ दातांत अडकून बसतो, तो जिभेच्या घासणीने निघत नाही! रात्री झोपताना दात घासणे हेही तितकेच जरुरीचे. वास तरीही जात नसेल तर टॉन्सिल, नाक किंवा मधुमेह असे दुसरे काही कारण असू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारावे.

लहान मुलांविषयी दोन शब्द. तान्ह्या बाळाची जीभ दुधाने पांढरी दिसते. स्वच्छ ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसली की ती निघते. पुसून निघत नसेल, किंवा निघाल्यावर खाली लाल दिसत असेल, बाळ प्यायला रडत असेल, तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवावे. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. जिभेला टाकणखाराची लाही मधातून लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आजीने मायेने केलेले असते, पण टाकणखार बाळाच्या पोटात जाणे विषारी आहे, आणि मध वर्षाच्या आतील बाळाला मुळीच द्यावयाचा नसतो. त्यातून एक गंभीर आजार होऊ शकतो. तेव्हा ही रीत आपण सोडावी. मूल शाळेत जाऊ लागले की त्याला मऊ ब्रशने जीभ पुसायला शिकवावे. आरशासमोर जीभ बाहेर काढायला सांगितले की मुले आनंदाने करतात!

म्हाताऱ्या माणसांचे निराळे. माझ्या सासूबाई शेवटचे दीड वर्ष अंथरुणावर होत्या. त्यांचे जेवण सुटले. काहीही दिले तरी म्हणत, "माती लागते गं." मी मीठ वाढवून पाहिले, लिंबू पिळून पाहिले, नुसते पिठले करून पाहिले. पट्टी बदलायला नर्सबाई येत, त्यांनी एके दिवशी सासूबाईंना तोंड उघडायला लावले. जिभेवर दह्यासारखा जाड थर! त्यांनी मला दाखविले: माणसाला थोडे बसते करावयाचे, मान जरा पुढे, म्हणजे पाणी घशात उतरून ठसका लागणार नाही, बोटाला ओले स्वच्छ फडके गुंडाळून जीभ हळूच पुसायची, कवळी असेल तर काढून निराळी धुवायची. मी सकाळ-संध्याकाळ तसे करू लागले. पाचव्या की सहाव्या दिवशी सासूबाई घास तोंडात घेऊन म्हणाल्या, "आज पिठल्यात मीठ जास्त पडलंय." मला इतका आनंद झाला, की सुनेला सासूच्या बोलण्याचा असा आनंद फार थोड्या वेळा झाला असेल! औषधाने भूक आली की जिभेने, ते मी सांगू शकत नाही. पण चव परत आली ती त्यांच्याच तोंडून मी ऐकली.

आता माझ्या भाषणातील मुख्य गोष्टीकडे येते. जीभ घासायची म्हणजे आरशासमोर उभे राहून तोंड उघडावे लागते. आपण बायका आरशात कुंकू पाहतो, केस पाहतो, पण तोंडाच्या आत कधी पाहत नाही. पुरुष दाढी करताना निदान गाल तरी फुगवून पाहतात! रोज जीभ पाहिली म्हणजे आपली नेहमीची जीभ कशी असते ते ओळखीचे होते, आणि मग काही बदलले तर ते लगेच लक्षात येते.

जीभ फिकी आणि गुळगुळीत झाली, तिखट लागले की झोंबू लागली, तर अंगात रक्त कमी असू शकते. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दर शंभर स्त्रियांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या सभेतील निम्म्याहून अधिक जणी कदाचित त्यात असतील. जिभेवरून निदान होत नाही; पण रक्त तपासून घ्यावे एवढी सूचना ती देते. काहींच्या जिभेवर नकाशासारखे आकार दिसतात आणि ते जागा बदलतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात, त्यांना खरवडू नये.

पण एक खूण अशी आहे की ती दिसली तर थांबायचे नाही. घासणीने जो थर निघतो तो मळ. जो पांढरा किंवा लाल चट्टा घासूनही निघत नाही, किंवा जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, ती डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. मग ती जिभेच्या कडेला असो, गालाच्या आत असो की ओठाखाली. चट्टा दिसला तर तो निघावा म्हणून जोराने खरवडत बसू नये. आणि दुखत नाही म्हणून गप्पही बसू नये. सुरुवातीला तो दुखतच नाही, हीच त्याची फसवणूक.

हे मी एवढे कळकळीने का सांगते, ते आपल्या मावळातील बायकांना समजेल. मशेरी! तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि चिमूट घेऊन दातांना चोळीत बसायचे. दात घासण्याच्या नावाखाली ही तंबाखू कित्येक घरांत आली. आईची पाहून लेकीने लावली, सासूची पाहून सुनेने. "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही," "दाढ दुखत होती म्हणून लावली," ही कारणे आपण सर्वांनी ऐकली आहेत. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण आपल्याच चुलीवर, आपल्याच तव्यावर भाजणाऱ्या हाताला कोणता कायदा अडविणार? मुंबईतील बाराशेहून अधिक गरोदर बायकांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मशेरीसारखी तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळे वजनाला सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली. बाळाने तर काही चोळले नव्हते!

माझी एक जाऊ आंदर मावळात असते. चौदाव्या वर्षापासून मशेरी लावणारी. मी तिला एक घासणी नेऊन दिली. महिन्याभराने ती म्हणाली, "बाई, जिभेचं काळं सगळं निघतं, पण कडेला हा पांढरा डाग आहे तो काही निघत नाही. दुखत नाही म्हणा." भात लावणीचे दिवस होते. "लावणी होऊ दे, मग बघू," असे तिचे म्हणणे. मी म्हटले, लावणी आम्ही दोन दिवस तुझ्यावाचून ओढू, पण तू चल. डॉक्टरांनी डागाचा बारीक तुकडा काढून तपासणीला पाठविला. उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. उत्तर आले: कर्करोग नाही, पण पुढे तो होऊ शकेल असा डाग आहे, मशेरी आजपासून बंद, आणि डाग वरचेवर दाखवीत राहायचा. मशेरी सोडताना तिचे पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. डोके दुखे, चिडचिड होई, पोट साफ होईना. चुलीजवळ गेली की हात आपोआप डब्याकडे जाई. तोंडात बडीशेप, लवंग धरून तिने ते दिवस काढले. आता दर सहा महिन्यांनी ती डॉक्टरांना दाखवून येते. मुंबईचे टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून कर्करोगाच्या रोग्यांची सेवा करीत आहे. तिथपर्यंत जाण्याची वेळ पुष्कळांवर येते ती तोंडातील डाग वेळेवर न पाहिल्याने. माझ्या जावेने तो वेळेवर पाहिला, आणि पाहिला तो जीभ घासायला आरशासमोर उभी राहिली म्हणून.

ज्यांना तंबाखू सोडावयाची आहे त्यांच्यासाठी सरकारने १८००-११-२३५६ हा फुकटचा फोन ठेवला आहे. मशेरी लावणाऱ्या बाईला मी वाईट म्हणत नाही. उन्हातान्हात, पाण्या-चिखलात राबून तिला दोन घटका बसायला मशेरीचेच निमित्त मिळते, हेही मला दिसते. तिला बसायला दुसरे निमित्त आपण द्यावे. आपले मंडळ त्यासाठीच आहे.

शेवटी एक सूचना मांडते. दर संक्रांतीला आपण हळदीकुंकू करतो आणि वाण लुटतो. वाट्या झाल्या, डबे झाले, गाळण्या झाल्या. प्रत्येकीच्या फडताळात त्यांची चळत लागली आहे. या वर्षी मंडळाने वाण म्हणून जीभ-घासणी द्यावी. कोणी म्हणेल, तोंडात घालायची वस्तू वाणात कशी? मी म्हणते, सौभाग्यवतीने निरोगी राहावे यापेक्षा वाणाचा हेतू निराळा काय असतो? आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बाईला आपण सवाष्ण की विधवा हे न विचारता ते वाण द्यावे. जीभ सर्वांनाच आहे. त्याच दिवशी एखाद्या दंतवैद्यबाईंना बोलवावे. पडदा लावून, एकेकीला आत बोलावून, तोंड तपासून घ्यावे. आपल्यापुरतेच नव्हे, तर धुणीभांडी करायला येणाऱ्या, चिक्कीच्या कारखान्यात बसणाऱ्या, बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांनाही आपण हाताला धरून आणावे. त्यांना डॉक्टरांकडे जायला सवड होत नाही. हळदीकुंकवाला मात्र त्या येतात.

खर्चाचा हिशेब खजिनदारबाईंनी काढावा. माझ्याकडून पहिल्या पंचवीस घासण्या मी आजच कबूल करते.